एरंडेल प्यालेला पट्टा

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. वडूजजवळच्या आमच्या गावी वडिलांना, म्हणजे आबांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. पलटणीत असल्यापासून ते रोज वस्तऱ्यानं दाढी करायचे. आता न्हाव्यापुढं लाळ गळेल म्हणून त्याला घरी येऊ देईनात. वस्तरा माझ्या हाती आला. मी तेव्हा पंचविशीतला, घरची शेती बघणारा. त्यांच्या गळ्यावर पातं टेकवताना मी दोनदा हात मागं घ्यायचो. ते मात्र मान वर करून खुशाल डोळे मिटायचे.

आधी धार लावायची. चामड्याचा पट्टा खुंटीला अडकवला की खालचं टोक आबा डाव्या हातानं ताणून धरायचे आणि मी त्यावर वस्तरा फिरवायचो.

त्या उन्हाळ्यात पट्ट्याला बारीक भेगा पडल्या. आमच्या घरात चामडं म्हणजे विहिरीवरची मोट, आणि मोट तडकायला लागली की तिला एरंडेल पाजायचं. मी पट्ट्यालाही तेच केलं. चांगलं वाटीभर तेल जिरवलं.

सकाळी पट्टा लोंबायला लागला. आबांनी ताणला तरी मध्ये झोळ पडायचा, वस्तरा रुतायचा. धार बसली नाही हे मला कळत होतं. पण आबा मान वर करून थांबले होते, आणि मी तसाच वस्तरा गालाला लावला. पातं अडकलं. फेसातून लाल रेघ उतरली.

आबांनी डोळे उघडले. पट्टा नाकाशी नेला.

"एरंडेल पाजलंस व्हय रं?" त्यांचे शब्द जड येत. "सोड आता हिरीत. पाणी तरी काढंल."

मग ते सांगतील तसं मी करत गेलो. खडूची भुकटी पसरून पट्टा सावलीत ठेवायचा, तेल शोषलं की सुरीच्या पाठीनं खरवडायचं, पुन्हा भुकटी. वर साबणाचा फेस चोळायचा.

"तळहातानं घास. कढत हुईस्तवर."

घासताना एकच धास्ती असायची. पट्टा सुधारेल, पण आबा पुन्हा माझ्यापुढं मान वर करतील का? इकडे त्यांचे खुंट वाढत होते. त्यांचा एक जुना सोबती ओसरीवर येऊन म्हणाला,

"आवं सुभेदार, सुतक कुणाचं धरलंय?"

"पट्ट्याचं."

सोबती लय हसला. मी आत निघून गेलो.

शेवटी पट्टा ताठ झाला. वस्तरा त्यावरून पूर्वीसारखा सरकला. आबांनी मान वर केली, पण डोळे उघडेच ठेवले. ते माझ्या हातावर खिळलेले असत, गालावरून गळ्याकडे हात जाईल तसे फिरत. रोज हेच. मी पट्टा रोज घासायचो, भेग पडली का ते उजेडात धरून बघायचो. त्यांना काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी वस्तरा त्यांच्या गळ्यापाशी होता आणि माझं लक्ष वर गेलं. डोळे मिटलेले होते. मी हात थांबवला. छाती हलते आहे का, ते बघू लागलो.

"थांबलास का रं?" डोळे न उघडता आबा म्हणाले. "फेस वाळतोय."