धोंड्याच्या महिन्यात आलेली आई

आमच्या आईची पाळी होती. मढ गावात माझे दोन भाऊ, भिंतीला भिंत लागून दोन घरं. एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. अमावास्या झाली की आई गाठोडं उचलायची आणि पलीकडच्या दारात जाऊन बसायची. दोन लुगडी, एक तांब्या, मिश्रीची डबी. यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. आई उघड्यावर नव्हती ना, मग झालं.

घोळ व्हायचा तो धोंड्याच्या महिन्यात. दर तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो, तो कोणाच्या पाळीत धरायचा? भावांनी तोड काढली. धोंड्यात लेकीला वाण द्यायचं असतं, त्यांनी वाणात आई दिली. "आक्का, धोंडा तुझा," धाकटा म्हणाला. मीही हसले.

अधिक श्रावण आला त्या साली मी निरगुडसरला नर्स होते. मुलं पुण्यात शिकायला, नवरा बदलीच्या नोकरीत. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दिवसा कोणी नसायचं. त्याच उन्हाळ्यात वारूळवाडीजवळ एका गृहस्थाने वृद्धाश्रमासाठी जागा देऊ केली होती. समिती झाली, नकाशा झाला, वीस खाटा ठरल्या. अट एकच: दसऱ्यापर्यंत वीस नावं आणा, प्रत्येक नावापुढे मुलाची संमती. नाही मिळाली तर त्या जागेवर मंगल कार्यालय होणार. आमच्या बाजूच्या गावांची यादी माझ्याकडे आली, कारण मला सगळी घरं माहीत होती.

मी वही घेऊन फिरले. कोणत्या म्हातारीला गोठ्यात झोपवतात, कोणाला पंक्तीला बसवतात आणि कोणाला दाराशी ताटली सरकवतात, हे मला ठाऊक होतं. त्यांनाच विचारलं, आश्रमात येता का? एकजात सगळ्यांचं उत्तर एक. "मला काय कमी हाय, बाय? लेक-सून लई करत्यात." सून शेजारी उभी, मुलगा ओट्यावर. महिनाभर फिरून वही कोरी. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, गरजच दिसत नाही मग." मी मान हलवली. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

मग आई पडली. धोंडा संपायला चार दिवस राहिले होते. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेऊन आणलं, पण ती पुन्हा चालली नाही. अमावास्या गेली, निज श्रावण लागला. थोरल्याची पाळी. तो आला तो रिकाम्या हाताने.

"तुझ्या पाळीत पडली, आक्का. बरी करून दे, मग बघू."

"ती बरी होणार नाही. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग मी काय करू? घर गळतंय. बायको कंबरेनं वाकलीय."

चहा पिऊन तो गेला. धाकटा आलाच नाही. मी कामावर जाताना बाहेरून कडी लावू लागले. शेजारीण दुपारी डोकावायची. परत येईपर्यंत आईचं अंथरूण ओलं झालेलं असायचं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, मला दिसू नये म्हणून.

एका सकाळी तिची वेणी घालताना मी सहज म्हटलं, "आई, त्या आश्रमात गेली असतीस का गं?"

"जाते की," ती म्हणाली. "तिथं पाळी तर नसंल."

मी नर्स. बाईचं खाजगीतलं दुखणं विचारायचं तर सासूला बाहेर काढायचं, हे मला पहिल्या वर्षी शिकवलेलं. आणि महिनाभर मी म्हाताऱ्यांना मुलांसमोर विचारत होते.

दवाखान्यात बी.पी.च्या गोळ्या वाटायच्या दिवशी मी नवीन रीत पाडली. "तपासायचंय, बाहेर थांबा," असं म्हणून दार लावायचं. पट्टा आवळायचा आणि विचारायचं. पहिल्याच दिवशी चार नावं मिळाली. एका आजोबांनी विचारलं, "चहा दोनदा मिळंल का?" एक म्हातारी म्हणाली, "वरच्या आळीची म्हातारी येनार आसंल तर मी न्हाई येनार. लई घोरती." मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मांड माझं नाव. पन पोराला सांगू नको हां."

तीन आठवड्यांत चौदा नावं झाली. चौदाही जणांनी तेच सांगितलं, पोराला सांगू नका. आणि मला पोराचीच सही हवी होती.

मी सांगितलं. दुसरा मार्ग सुचला नाही. घोरण्याची तक्रार करणाऱ्या त्या म्हातारीच्या मुलाकडे पहिल्यांदा गेले, कारण तो शिकलेला होता. तो जागेवरून उठलाही नाही.

"आमी मेलो का, नर्सबाई? औंदा पोरीचं जमवायचंय मला. आज्जी आश्रमात म्हटल्यावर कोन करील सोयरीक?"

आत भांडं आपटल्याचा आवाज आला. पुढच्या गोळ्यांच्या दिवशी ती बाई आली नाही. घरी गेले तर दारातच ऐकवलं, "गोळ्या आमी मेडिकलातून आनू." मला आत घेतलं नाही. तिला काय ऐकावं लागलं असेल ते मला कधी कळलं नाही. तिचं नाव माझ्या वहीतून फुटलं होतं, एवढं खरं. उरलेल्या तेरा जणांपैकी पाच जणांच्या घरी मी गेले, पाचही ठिकाणी तेच. पुढे गेले नाही.

शेवटी रविवारी मढला गेले. दोन्ही भावांना एका ओट्यावर बसवलं.

"सह्या करा. नाहीतर आईला घेऊन या. दोन्हीतलं एक."

"सही न्हाई करायची मी," थोरला म्हणाला. "मढात तोंड दावायला जागा ऱ्हानार न्हाई."

"मग गाडी घेऊन ये."

"आक्का, तुला पगार हाय, दवाखाना हाताशी हाय," धाकटा म्हणाला. "आईचं तुझ्याइतकं चांगलं कोन करनार?"

भावजयींनी निघताना तांदळाची पिशवी दिली. मी ती घेतली, एसटीत मांडीवर ठेवली.

दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत मी चौदा नावं ठेवली, त्याखाली पंधरावं आईचं. सही एकही नव्हती. पंधराव्या नावापुढे मी माझी करते म्हटलं. अध्यक्षांनी कागद फिरवून दाखवला. रकाना मुलाचा होता.

"मुलीची का चालत नाही?"

"भाऊ हयात असताना? उद्या ते म्हणतील, बहिणीनं जमिनीच्या हिश्श्यासाठी आईला पळवलं. आणि बाई, कोणी वारलं तर देह कोणाच्या ताब्यात द्यायचा? मुलगा नाही म्हणाला तर?"

तो माणूस वाईट नव्हता. मी म्हटलं, अट काढा, पाच खाटांनी सुरू करा, देह ताब्यात घ्यायची सही मी करीन, त्या चौदा जणांचीही. एकाने घड्याळ पाहिलं. पाया दसऱ्यालाच खणला, मंगल कार्यालयाचा.

दिवाळीनंतरच्या अमावास्येला आई सकाळी म्हणाली, "काल चंद्र दिसला न्हाई. पाळी बदलली." तिने गाठोडं मागितलं. मी दिलं. वेणी घालून दे म्हणाली, घातली. उशा लावून तिला बसवलं, बाहेरून कडी लावली आणि कामावर गेले.

संध्याकाळी आले तेव्हा ती तशीच बसली होती, गाठोडं मांडीवर, तोंड दाराकडे. अंथरूण ओलं होतं.

"आलं का कुनी?" तिने विचारलं.

"नाही."

मी चादर बदलली. गाठोडं घ्यायला गेले तर तिने सोडलं नाही, म्हणून तसंच राहू दिलं.