क्रम चुकला असेल

दोन हजार पाच साली आमच्या ऑफिसात तीन माणसं होती. सर, म्हणजे मालक, मी, आणि ताई. माळनाक्याजवळ एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत आमचं काम चाले. ताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. पावसहून रोज एसटीने यायच्या. आधी टायपिंगच्या क्लासात शिकवत असत. त्यांच्या टायपिंगमध्ये चूक सापडली, असं मी तोवर कुणाकडून ऐकलं नव्हतं.

मुंबईची एक कंपनी परदेशी गेमची कामं घ्यायची आणि त्यातला कंटाळवाणा भाग आमच्याकडे पाठवायची. त्या वेळच्या गेममध्ये एक बंदराचं गाव होतं आणि त्यात हिंडणारी चाळीस माणसं: हमाल, शिपाई, मासे विकणाऱ्या बायका, मुलं. त्यांची शरीरं आणि हालचाली मुंबईत तयार व्हायच्या. आम्ही प्रत्येकाची स्क्रिप्ट लिहायची. स्क्रिप्ट म्हणजे साधी मजकुराची फाइल: याचं शरीर अमुक फाइलमधून घे, कपडे तमुक फाइलमधून, चालताना ही हालचाल वापर, पळताना ती, पाऊल टेकलं की हा आवाज काढ. शंभरेक ओळी, त्यातल्या नव्वद सगळ्यांना सारख्याच.

ताई त्या ओळी टाइप करायच्या. मग आम्ही दोघं वाचून घ्यायचो. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील कागदावर पट्टी ठेवून ओळ न् ओळ बघायची. फाइलच्या डोक्यावर ताईंची आद्याक्षरं असायची. दिवसाला तीन फायली झाल्या तर पुष्कळ. त्यात भारनियमन. चाळीस माणसांना दोन आठवडे लागणार होते आणि मुंबईहून फोन आला की आठवडाभरात पाहिजेत.

मी सरांना सांगितलं, दोन दिवसांत देतो.

मॅक्रोबद्दल मी नुकतंच वाचलं होतं. सारख्या ओळी एकदाच लिहायच्या, त्या गठ्ठ्याला नाव द्यायचं, आणि जिथे बदल हवा तिथे रिकामी जागा सोडायची. मग प्रत्येक माणसाच्या फाइलीत एकच ओळ: मॅक्रोचं नाव आणि पुढे त्या माणसाचं शरीर, कपडे, चाल, आवाज. रिकाम्या जागा आपोआप भरतात.

ताईंना समजावलं तर त्या हसल्या. "म्हणजे भटजींचा संकल्प रे! अमुक गोत्र, अमुक नाव. यजमानाने आपलं घालायचं."

"अगदी तेच."

"मग बघ हो, मागल्या घरच्या यजमानाचं नाव राहायचं नाहीतर. आमच्याकडे झालंय एकदा. सत्यनारायण आमचा आणि पुण्य गेलं शेजाऱ्याला."

आम्ही दोघंही हसलो. त्या दिवशी मी भीत भीतच हसत होतो. दोन दिवसांत देतो असं बोलून बसलो होतो आणि मॅक्रो एकदाही चालवून पाहिला नव्हता. नमुन्याला मी हमालाची तयार स्क्रिप्ट घेतली. तो म्हातारा, एका पायाने लंगडणारा. त्याच्या ओळी मॅक्रोत उतरवून एकेक नाव खोडत गेलो आणि तिथे रिकामी जागा ठेवत गेलो. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. साडेअकराला वीज जाणार होती.

ताईंनी चाळीस ओळी तासाभरात टाइप केल्या. म्हणाल्या, "आता हा तुझा मॅक्रोसुद्धा वाचून घेऊ या."

"ताई, त्यात वाचायचं काय? ते मशीनच वाचतं."

"मशीन वाचतं, पण समजतं का त्याला?"

"वेळ नाही हो," मी जरा तोडूनच बोललो. त्यांनी पट्टी खणात ठेवली. मशीनने त्या ओळींवरून चाळीस माणसांची मॉडेलं, म्हणजे गेममध्ये हिंडणारी तयार माणसं, न कुरकुरता बनवली आणि ती संध्याकाळी मुंबईला गेली.

दोन दिवसांनी सकाळी फोन आला. सरांचा चेहरा उतरत गेलेला मला दिसत होता. फोन ठेवून ते म्हणाले, "गावातली सगळी माणसं लंगडतायत म्हणे. बायका, शिपाई, चार वर्षांची पोरंसुद्धा."

कुठे चुकलं ते मला त्याच क्षणी कळलं. मॅक्रोत चालीच्या जागी हमालाच्या लंगड्या चालीचं नाव तसंच राहिलं होतं. ताईंनी प्रत्येकाची चाल बरोबर लिहिली होती, पण मॅक्रो तिकडे बघतच नव्हता. त्या चालीची फाइल खरोखर होती, म्हणून मशीननेही हरकत घेतली नव्हती. मी मॅक्रो उघडला, ते एक नाव खोडलं, रिकामी जागा ठेवली आणि जुन्यावरच नवं साठवलं. कुणी काही विचारायच्या आत जुनं नाहीसं झालं होतं.

सरांनी चाळीस फायली उघडल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर ताईंची आद्याक्षरं.

"ताई, हे कसं झालं?"

ताईंनी पट्टी घेऊन पहिली ओळ बघितली, दुसरी बघितली. "सर, मला तर बरोबर दिसतंय."

सर माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतं?"

दोन दिवसांचा शब्द मी दिला होता. वाचून घ्यायला नको, हेही मीच म्हटलं होतं. नोकरी जाईल असं वाटलं. मी पडद्याकडे बघत म्हणालो, "क्रम चुकला असेल. शरीर, कपडे, चाल, आवाज… एखादा शब्द इकडचा तिकडे."

ताईंनी परत पट्टी ठेवली. बराच वेळ बघत राहिल्या. मॅक्रो आतून कसा चालतो ते त्यांना माहीत नव्हतं. त्यासाठी त्या माझ्या शब्दावर अवलंबून होत्या. शेवटी हळू म्हणाल्या, "असेल, सर. मला दिसत नाहीये, पण असेल."

मॉडेलं पुन्हा तयार करून पाठवली. या वेळी सगळे नीट चालले. क्रम मी सुधारला, असं सरांनी गृहीत धरलं. सर वाईट माणूस नव्हते; ताईंना ओरडले नाहीत. फक्त टायपिंग माझ्याकडे दिलं आणि त्यांना फोनपाशी बसवलं. गणपतीला त्या सुट्टीवर गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्या होत्या तोवर मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं, आणि जिना चढेपर्यंत अवसान गळायचं.

चार वर्षांनी एसटी स्टँडवर त्यांचे यजमान भेटले. सहज बोलता बोलता म्हणाले, "शाळेत कारकुनाची जागा चालून आली होती हिला, नाही म्हणाली. माझी नजर भरवशाची नाही म्हणते. दोनदा चष्मा बदलला. डॉक्टर म्हणतात डोळे उत्तम आहेत."

पुढच्या रविवारी मी पावसला गेलो. ताई पडवीत तांदूळ निवडत होत्या. एका सुपातले निवडून दुसऱ्यात, आणि पुन्हा तेच पहिल्यात. "ये रे, किती वर्षांनी!" म्हणाल्या. पाणी प्यायच्या आधीच मी सगळं बोलून टाकलं. हमाल, रिकामी जागा, पुसलेली फाइल, सरांना दिलेलं उत्तर.

त्यांचे हात थांबले. "म्हणजे माझ्या ओळी बरोबर होत्या?"

"हो."

"चाळीसच्या चाळीस?"

"सगळ्या, ताई."

मी क्षमा मागत होतो, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आत वळून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, जरा बाहेर ये गो."

सून पदराला हात पुसत आली. ताई मला म्हणाल्या, "मी निवडलेले तांदूळ ही परत निवडते. मी मोजलेले कपडे परत मोजते. मीच सांगितलंय तिला, माझ्यावर राहू नको म्हणून. आता हिच्यासमोर सांग. पहिल्यापासून."

सून गोंधळून माझ्याकडे बघत उभी होती. तिला ना गेम माहीत, ना मॅक्रो. मी उठून उभा राहिलो.

"तुमच्या सासूबाईंची चूक नव्हती," मी म्हणालो.

"तसं नको," ताई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगू लागलो.