बाभळीखालची मोकळी जागा
ज्वारी पोटऱ्यात आली, की बांधावरच्या बाभळीखालची मोकळी गोल जागा उठून दिसते आणि मला नगरची ती लॅब आठवते. वडिलांचा न्यूमोनिया औषधांना दाद देत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी आईला आणि मला एक काचेची बशी दाखवली. वडिलांच्या बेडक्यातले जंतू एवढ्याशा बशीत शिवारासारखे दाट उगवले होते. वर वेगवेगळ्या औषधांच्या पांढऱ्या टिकल्या होत्या. जंतू त्यांना खुशाल खेटून वाढलेले. एकीभोवती मात्र स्वच्छ गोल रिंगण उरलं होतं. आईनं त्या रिंगणाकडे बोट दाखवलं. "बाभळीखाली ज्वारी येत न्हाई, तसंच हाय की हे," ती म्हणाली, "मग हीच बाभळ द्या त्यास्नी." त्या औषधानं वडील बरे झाले. आता ते बांधावरच्या बाभळीच्या सावलीत बसून भाकरी खातात, आणि पीक जातं म्हणून बाभळ तोडा म्हणणाऱ्याला आई बांधावर उभं करत नाही.