घरमालकीणबाईंचे तीन दिवस

लढाईच्या दिवसांत मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या घराण्यातली मी पहिली बी. ए., म्हणून घरमालकीणबाई मला मोठ्या मानानं ‘मास्तरीणबाई’ म्हणत. त्या पन्नाशीच्या होत्या. ऐन थंडीत पदरानं वारा घेत, बोलता बोलता थांबून छातीवर हात ठेवत.

“लय धडधडतंय बघा. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. पाळी गेल्यापासनं हे असंच.”

डॉक्टरांकडे चला म्हटलं, की हसत. “पाळी व्हती तवा महिन्याचं तीन दिस बाजूला बसून पाठ तरी टेकत व्हते. आता चूल काय सुटत न्हाई.”

पुढच्याच आठवड्यात मी शाळेतून आले, तर बाई पडवीत वेगळ्या घोंगडीवर निजलेल्या. ‘मला शिवू नका’ असं त्यांनी घरात सांगितलं होतं. भरदुपारी गाढ झोप लागली होती आणि छातीवरचा हात सुटून बाजूला पडला होता. आत त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई भाकरी थापत होत्या.

हे खोटं आहे, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. सांगावं तर बाईंची झोप जाणार. गप्प बसावं तर म्हातारी चुलीपुढे भाजणार. काय करावं कळेना. शेवटी मी सासूबाईंजवळ जाऊन चाचरत म्हटलं, “आजी, त्यांचं...”

“हळू बोला, निजू द्या तिला,” त्या भाकरी उलटत म्हणाल्या. “माझी बी पाळी साठीपतोर येत व्हती.”