आमच्या स्वयंपाकघरातून जाणारी लाइन

सगळ्यात आधी खटकली ती एक लाल चिंधी.

माझे वडील, अप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. गावाच्या कडेला, मंजूर लेआउटमध्ये त्यांनी प्लॉट घेतला आणि बांधकामाच्या परवानगीचा पत्ता नसताना चुन्याच्या फक्कीनं घर आखून ठेवलं. ही ओसरी, ही खोली, हे स्वयंपाकघर. मी नांदेडला एका कॉलेजच्या लायब्ररीत असते. शनिवारी गावी आले तेव्हा आई फक्कीच्या स्वयंपाकघरात उभी राहून ओटा कुठं घ्यायचा ते दाखवत होती. मी मागं सरकले आणि पायाला खुंटी लागली. खुंटीला लाल चिंधी. मी किंचाळले, कारण मला साप वाटला. मला निम्म्या गोष्टी सापच वाटतात, ते सोडा.

"कुणी ठोकली ही?"

"असेल कुणाची तरी," अप्पा म्हणाले. "काढू नको. आधी विचारून घेऊ."

विचारून घेऊ! तेव्हापासून विचारतोच आहोत. आणि विचारता विचारता इतके किस्से साठलेत की लायब्ररीतल्या मैत्रिणी डबा उघडायच्या आधी "मग, आज काय म्हणाले?" असं विचारतात. त्या हसून हसून लाल होतात. मी पण होते, पण रागानं. गावाचं नाव सांगत नाही, ऑफिसचंही नाही. काम व्हायचंय अजून.

* * *

चिंधीचा अर्थ कळला ग्रामपंचायतीच्या नोटिशीतून.

लेआउटच्या नकाशात नाल्याच्या कडेनं एक पट्टी राखलेली आहे. पाण्याची पाइपलाइन आणि विजेचे खांब तिथून जायचे. त्या पट्टीत कुणी बांधायचं नाही आणि लाइनवाल्यांना तिथून जायचा-यायचा कायमचा हक्क. त्याबद्दल आमचं काहीच म्हणणं नव्हतं. नाला तिकडं, आमचा प्लॉट चार प्लॉट अलीकडं. पण नव्या मोजणीत ती पट्टी निघाली आमच्या ओट्यावरून! ही मोजणी कायम झाली की आमच्या घराला परवानगी नाही. आज नाही आणि कधीच नाही. हरकत घ्यायला तीस दिवस होते, त्यातले अठरा संपलेले.

का संपले? नोटीस चिकटवली होती दाराच्या बाहेरच्या अंगाला. पंचायतीचं दार बाहेर उघडतं आणि मागं भिंतीला टेकतं. म्हणजे ऑफिस उघडलं की नोटीस भिंतीकडं तोंड करून उभी! आम्हाला दिसली ती रविवारी, कुलूप असताना.

सोमवारी रजा टाकून मी ग्रामसेवकांना गाठलं आणि म्हटलं, ही नोटीस वाचायची कुणी आणि कधी? त्यांनी शांतपणे दार ओढून बघितलं, पुन्हा उघडलं.

"मग ताई, ऑफिस बंद असताना यायचं ना."

* * *

मोजणीचं ऑफिस तालुक्याला. तिथले क्लार्क भाऊसाहेब. खुर्चीवर टॉवेल, टेबलावर फायली आणि सगळ्या फायलींवर त्यांचे दोन्ही हात. अप्पा त्या ऑफिसात शिरताना चप्पल दाराबाहेर काढतात. मी कितीदा सांगितलं, अप्पा, हे देऊळ नाही. ते म्हणतात, फरशी पुसलेली आहे.

भाऊसाहेबांनी आमची फाइल काढली आणि पंचनामा वाचून दाखवला. आखणी समक्ष दाखवण्यात आली, जागेवर कुणीही हरकत घेतली नाही.

माझं डोकंच फिरलं. जागेवर कोण होतं? आम्हाला कुणी बोलावलं? असलं धडधडीत खोटं लिहिणारा माणूस कोण, मला त्याचं नाव पाहिजे, असं मी म्हणाले. आवाज चिरकला, पण म्हणाले.

भाऊसाहेबांनी कागद माझ्याकडं फिरवला.

वळणदार अक्षर. पट्टी ठेवून ओढल्यासारखी शिरोरेघ. या अक्षरात मी बाराखडी शिकलेय!

झालं होतं असं. गावात कसलाही पंचनामा असो, पीक बुडालेलं असो की भिंत पडलेली, लिहायला गुरुजी. मोजणीवाल्यांची जीप मारुतीच्या पारापाशी थांबली. "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं हाय, जरा लिहून द्या." अप्पांनी विचारलं होतं, ही नाल्याकडचीच पट्टी ना? ते म्हणाले, हाव, नकाशातलीच. मग ते सांगत गेले आणि अप्पा लिहून घेत गेले. आपल्याच स्वयंपाकघरातून लाइन काढली, आणि वर सुवाच्य अक्षरात!

मी अप्पांकडं बघितलं. ते खाली बघत होते.

भाऊसाहेब म्हणाले, "एक सांगू का ताई, इतकी शुद्ध फाइल आमच्या ऑफिसात दुसरी न्हाई."

* * *

मग उदगीरहून मामा आले. मामांची मोंढ्यात धान्याची आडत आहे आणि मराठवाड्यात प्रत्येक ऑफिसात ओळख आहे. तुम्ही बोलूच नका, म्हणाले, मी बघतो. आम्हाला बाहेर बाकावर बसवून ते आत गेले.

पाच मिनिटं झाली. पाऊण तास झाला. आतून हसण्याचा आवाज, मग चहा आत गेला. मला एकदम हलकं वाटायला लागलं. आईला फोन करून सांगावं, असं पण वाटून गेलं. नाही केला ते बरं.

मामा मिशा पुसत बाहेर आले.

"माणूस लई चांगला हाय," ते म्हणाले. "त्याची सासुरवाडी आपल्याच गल्लीत निघाली."

"आणि काम?"

"काम होत न्हाई म्हणला."

* * *

पण नाल्याकडची पट्टी चार प्लॉट सरकली कशी? याचं उत्तर ऑफिसात मिळालं नाही. ते मला मिळालं गंगाक्काकडं.

नकाशात नाल्याच्या कोपऱ्यावर हद्दीचा दगड आहे. सगळी मोजणी त्या दगडापासून सुरू होते. मी नकाशाची झेरॉक्स घेऊन कोपऱ्यावर गेले तर तिथं दगड नाही, नुसता खड्डा! दगड सापडला आमच्या बाजूच्या गंगाक्काच्या अंगणात. कडुनिंबाखाली, चौथऱ्यावर, शेंदूर फासलेला, चांदीचे डोळे लावलेला. संध्याकाळ होत आलेली, मी वाकून बघायला गेले आणि ते डोळे माझ्याकडं बघताहेत. मी पुन्हा किंचाळले.

गंगाक्का पळत आली. तिनं काही लपवलं नाही. "नाल्याकडं पडून होता गं. येणारे-जाणारे पाय लावून चालले होते. जिवाला लागलं, बैलगाडीत घालून आणला."

"आणि मोजणीवाले?"

"आले की! दगड हुडकून ऱ्हायले होते. म्यां दाखविला. लई सज्जन माणसं. बूट काढले, पाया पडले, मग देवापासूनच टेप धरली."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात भाऊसाहेबांना हे सगळं सांगितलं. दगडाचा फोटो दाखवला, खड्ड्याचा दाखवला. त्यांनी मोबाइल कपाळाला लावून दगडाला नमस्कार केला आणि म्हणाले की दगड हलला असंल तर अर्ज घेता येतो, देव हलवायचा अर्ज आमच्याकडं न्हाई.

परत येऊन मी गंगाक्काच्या हातापाया पडले. आक्का, तुमच्या देवामुळं आमचं घर जातंय, दगड होता तिथं ठेवू या. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग पदर डोक्यावर घेतला आणि देवाकडं बघून हात जोडले.

"सरकार जीप घेऊन माझ्या देवाच्या दारी आलं, पोरी. आता कसा हलवू?"

* * *

आता फोनचं सांगते.

नोटिशीच्या तळाला एक लँडलाइन नंबर होता. हरकतीची आधी फोनवर नोंद करायची, नोंदीचा नंबर घ्यायचा, मगच लेखी अर्ज चालतो. बारा दिवस मी तो नंबर लावत होते. लायब्ररीत चहाच्या सुट्टीत, सिटी बसमध्ये, जिन्यात. रिंग पूर्ण वाजायची आणि कट व्हायची. मला तो आवाज झोपेतही ऐकू यायला लागला.

तिसावा दिवस. अर्ज घेऊन मी आणि अप्पा भाऊसाहेबांसमोर उभे. त्यांनी अर्ज सरकवून परत दिला. नोंदीचा नंबर कुठाय?

मी म्हटलं, बारा दिवस लावतेय, कुणी उचलतच नाही.

"लावून बघा की आता," ते म्हणाले.

मी तिथंच उभं राहून लावला. आणि माझ्या मागं इतक्या जोरात घंटा वाजली की मी दचकून भाऊसाहेबांचा चहा सांडला.

कोपऱ्यातल्या टेबलावर, प्लास्टिकच्या कव्हराखाली, फोन वाजत होता. शेजारी जाडजूड रजिस्टर, 'हरकत नोंद'. खुर्ची रिकामी. सगळं ऑफिस आपापल्या कामात. कुणी मानसुद्धा वळवली नाही.

"भाऊसाहेब, उचला ना!"

"तो टेबल माझा न्हाई." ते फडक्यानं चहा पुसत होते. "त्यांची बदली झाली. नवीन माणूस आला की उचलंल."

"आज शेवटचा दिवस आहे!"

"म्हून तर म्हणालो, लावून बघा."

रिंग कट झाली. मी पुन्हा लावला. पुन्हा सगळ्या ऑफिसभर ती घंटा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मोबाइल कानाला लावूनच ठेवला. पुन्हा कट. मी तिसऱ्यांदा लावला.

तेव्हा अप्पा माझ्या शेजारून निघाले. टेबलाला वळसा घालून, अनवाणी. खुर्ची रुमालानं झटकली आणि बसले. चष्मा लावला. रजिस्टर उघडून कोरं पान काढलं, खिशातलं पेन काढून वरती तारीख घातली, तिच्याखाली एक सरळ रेघ मारली. भाऊसाहेबांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. अप्पांनी प्लास्टिकचं कव्हर काढून त्याची नीट घडी केली आणि रिसीव्हर उचलला.

घंटा थांबली. माझ्या कानात आवाज आला.

"नमस्कार, मोजणी ऑफिस. बोला बाई, सावकाश सांगा. मी लिहून घेतो."