शिंगटीचा माळा

१९५८ सालच्या मे महिन्यात आमचं बिऱ्हाड आचऱ्याहून वेंगुर्ल्याला गेलं. आई, वडील, धाकटी बहीण सुलू, मी आणि शिंगटी नावाचं एक मांजर. वडिलांना वेंगुर्ल्यात काजूच्या एका कारखान्यात देखरेखीचं काम मिळून वर्ष होत आलं होतं. ते एकटे राहून कंटाळले होते. सुलूला पुढची शाळा हवी होती, मी मॅट्रिक होऊन नोकरीच्या शोधात होतो. आचरा सोडायला घरात तिघांकडे कारण होतं. आईकडे नव्हतं.

तिने नकार दिला नाही. वडील न्यायला आले तेव्हा एवढंच म्हणाली, "शिंगटी थय रवली तर मी रवतलंय. नायतर आगोटीआधी माका आणि तिका परत धाडा."

आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावरचे दिवस. शाकारणी, लाकूडफाटा, सुकी मासळी यांची बेगमी तेव्हा उरकायची. त्यानंतर खाड्यांवरच्या तरींचा, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होड्यांचा, भरवसा नसे. वडील हसले आणि बरं म्हणाले. आई हसली नव्हती हे मी पाहिलं होतं.

शिंगटी घरातच जन्मलेली. मिशा लांब म्हणून शिंगटी माशाचं नाव तिला सुलूने दिलं. तिच्या आईला कोल्ह्याने अंगणातून नेलं, तेव्हापासून आमच्या आईने हिला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं, आणि पुढे तिलाही बाहेरचं आकर्षण राहिलं नाही. तिचं जग म्हणजे चूल, माळा, आणि आई मासे कापायला बसे तो कोपरा. विळीला आमच्याकडे आडाळी म्हणतात. आईची आडाळी फणसाच्या फळीची होती, माहेराहून आलेली. ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. आडाळी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला की शिंगटी असेल तिथून येऊन आईच्या पाठीमागे बसायची. पुढे कधी येत नसे, मागेच.

मांजर खाडीपार नेण्याची आमच्या गावात एकच रीत होती. नको असलेलं मांजर गोणपाटात घालायचं, तोंड बांधायचं, तरीने पलीकडे न्यायचं आणि सोडून यायचं. मांजर पाण्यातून परतत नाही अशी समजूत. याला मांजराला खाडी दाखवणं म्हणत. सोडायचं नसेल, दुसऱ्या घरी द्यायचं असेल, तरी गोणपाट लागेच. वाट दिसली तर ते परत येतं म्हणून.

आईने शिंगटीला गोणपाटात घातलं नाही. कोंबड्या झाकायच्या डालग्यात घातलं. त्याला चारी बाजूंनी फटी होत्या. आमच्या सामानात गोणपाट एकच होतं आणि त्यात आडाळी होती.

निघतेवेळी शेजारणी दगडी गडग्यापाशी उभ्या होत्या. कुणी रडलं नाही. आईने चुलीवर पाणी शिंपडलं, किल्ली काकांच्या हाती दिली आणि डालगं स्वतः उचललं. बैलगाडी कालावलच्या खाडीपर्यंत होती. तिथे तारी, म्हणजे तर चालवणारा, डालग्याकडे बघून म्हणाला, "काय वयनी, मांजराक खाडी दाखवतास?"

"सोडूक नाय, रवाक नेतंय."

"मगे डोळे कशाक उघडे ठेवलात? वाट ध्यानात ठेवतली ना ती!"

"ठेवंदे," आई म्हणाली. "माका पण ठेवची आसा."

तरीतली माणसं हसली. वडील पाण्याकडे बघत राहिले.

मालवणला मावशीकडे मुक्काम झाला, पुढे कर्लीची खाडी, मग एसटी. सगळ्या वाटेत शिंगटी ओरडली नाही. फटीला नाक लावून होती. माणसं प्रवासात बोलतात किंवा झोपतात. ती दोन्हींपैकी काहीच करत नव्हती. तिला यातलं काय कळत असेल याचा मी बराच विचार केला.

वेंगुर्ल्याचं घर भाड्याचं होतं. पुढल्या भागात घरमालकीण यशोदाबाय, मागल्या दोन खोल्या आमच्या. यशोदाबायचा नवरा गलबतांवरच्या मालाचा व्यापारी होता, तो वारल्यावर ती एकटीच राहत असे. खोल्यांना खाली कोबा होता. आचऱ्याला जमीन शेणाने सारवलेली. इथे चुलीच्या जागी वडिलांचा स्टोव्ह. वर फळ्यांचा माळा आणि त्यावर मंगळुरी कौलं.

चूक उंबऱ्यात झाली. नवी गाय किंवा बैल घरी आणला की त्याच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, ही आमच्याकडची पद्धत. त्याशिवाय जनावर घराला लागत नाही. मांजरासाठी असं काही कुणी करत नाही, कारण मांजर कुणी मानाने आणत नाही. आई मानाने आणत होती. तिने सुलूकडून तांब्या आणि कुंकू मागवलं, शिंगटीला डालग्यातून काढून उंबऱ्यावर धरलं आणि चारी पायांवर पाणी ओतलं.

दारात उभी राहून बघत असलेली यशोदाबाय म्हणाली, "गो, मांजर हाडलंस काय म्हस?"

पुढचं फार वेगाने झालं. आईच्या मनगटावर तीन ओरखडे उठले. तांब्या कोब्यावर वाजत गेला. तो आवाज शेणाच्या जमिनीवर कधी झालाच नसता. शिंगटी भिंतीवरून नाही, वडिलांच्या खांद्यावरून माळ्यावर गेली आणि कौलांखालच्या अंधारात दिसेनाशी झाली. आईच्या बोटावरचं कुंकू तसंच राहिलं.

ती खाली आली नाही. आई माळ्याच्या शिडीखाली भात आणि माशाचा तुकडा ठेवायची, तो सकाळपर्यंत संपलेला असे. वडील म्हणाले, मांजर घरातच आहे याचा हा पुरावा. आई म्हणाली, "उंदीर आसतत."

यशोदाबायकडून मी तांदळाचं पीठ मागून आणलं आणि वाडग्याभोवती पसरलं. सकाळी पावलं उमटली होती, उंदराची नव्हेत. आईचं म्हणणं, गावातला एखादा बोका येत असणार. पण शिंगटीच्या मागल्या डाव्या पायाला एक बोट नव्हतं. लहानपणी दारात सापडून गेलं होतं. पिठातल्या त्या पावलालाही ते नव्हतं. मी आईला बोलावून दाखवलं. तिने बराच वेळ वाकून पाहिलं.

"म्हणजे ती घरातच आसा," सुलू म्हणाली.

"घरात आसा म्हणजे रवली असा नाय," आई म्हणाली आणि पीठ झाडून काढलं.

ते वाक्य तिने मांजराबद्दल म्हटलं होतं. पण त्यानंतर मी घराकडे नीट पाहिलं. आमचं सामान आलं तसंच भिंतीशी होतं. दोन पातेली, चार ताटं आणि स्टोव्ह एवढंच बाहेर. आईची लुगडी ट्रंकेत घडी घातलेली. ती रोज ट्रंक उघडून एक काढायची, धुऊन सुकवून परत ट्रंकेत ठेवायची. रात्री दोरीवर किंवा खुंटीवर तिचं काही नसे. मासे वडील बंदरावरून आणत, तिथल्या बायकांकडून कापून घेऊन. आडाळी गोणपाटातच होती.

वडिलांनीही हे पाहिलं असावं. एका संध्याकाळी ते म्हणाले, "मांजरासाठी कोण संसार मोडता?"

"मोडतंय खंय? तुम्ही हय नोकरी करा, झिल तुमच्यासोबत रवात. मी सुलूक घेऊन जातंय." झिल म्हणजे मुलगा, मी.

"आणि तिची शाळा?"

सुलू शेजारच्या खोलीत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. आचऱ्याला गेली तर पुढचं शिक्षण संपलं, हे तिला कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी शिडीवर अर्ध्यात बसून अंधाराकडे बघत बोलायची, "शिंगटी, ये गो. माझ्यासाठी तरी ये." कधी दोन डोळे चमकत, कधी नाही.

ढग यायला लागले. आईने मालवणला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे कर्लीची तर अजून चालू आहे का याची चौकशी केली. चालू होती.

त्याच आठवड्यात एका सकाळी यशोदाबाय मागल्या दारी आली. हातातल्या रोवळीत शेवटे होते, खाडीतले, मोठ्या खवल्यांचे.

"अगो आचरेकरणी, आसंस मां घरात? जावय इलो. माझ्या आडाळीची फळी फुटली, नि सुतार काय येणा नाय. हे आता दातांनी कापू?"

"माझी सामानात आसा," आई म्हणाली.

"मगे काढ! सामान काय लोणच्यासारखा मुरवूक ठेवलंस?"

दारी आलेल्या बाईला नाही म्हणणं तिला शक्य नव्हतं, आणि आडाळी दुसऱ्याच्या हाती देणंही. तिने गोणपाटाची सुतळी सोडली, आडाळी काढली, कोब्यावर टेकवली आणि पदर खोचून बसली. यशोदाबाय समोर पायरीवर बसून जावयाच्या तक्रारी सांगू लागली. तो शेवटे खात नाही, त्याला सरंगाच लागतो, सरंगा काय त्याच्या बापाने पाळला आहे, वगैरे. आईने पहिला मासा घेऊन खवले काढायला सुरुवात केली. शेपटीकडून डोक्याकडे, खरखर असा आवाज.

यशोदाबाय बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघून तिने नुसती हनुवटी वर केली.

शिडीच्या वरच्या पायरीवर शिंगटी होती. ती एक पायरी उतरली, थांबली, खाली वास घेतला. कोब्यावर आली तेव्हा पाय उचलून उचलून टाकत होती, ओल्या जमिनीवर टाकावेत तसे. मग आईच्या पाठीमागे गेली आणि बसली. पुढे आली नाही. आईने मागे वळून पाहिलं नाही. तिचा हात थोडा हळू झाला एवढंच. तिसऱ्या माशाचं डोकं तिने न बघता मागे सरकवलं.

"इली काय गो?" यशोदाबायने विचारलं.

"इली," आई म्हणाली.

शेवटे कापून झाल्यावर आईने आडाळी धुतली आणि उन्हाला ठेवली. दुपारी ती उचलून तिने गोणपाटाकडे नेली नाही, स्वयंपाकाच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवली. संध्याकाळी वडील आले तेव्हा त्यांनी आधी कोपऱ्याकडे पाहिलं, मग दोरीकडे. दोरीवर आईचं लुगडं वाळत होतं आणि दिवस मावळला तरी ते ट्रंकेत गेलं नव्हतं. पाऊस सुरू झाला, खाड्यांवरच्या तरी बंद झाल्या. सुलू वेंगुर्ल्याच्या शाळेत जाऊ लागली.

शिंगटी त्या घरात आपल्या मरणापर्यंत राहिली. का उतरली, याबद्दल दोन मतं होती. वडील म्हणत, ओळखीच्या आवाजाने. सुलू म्हणे, आई बसली म्हणून ती बसली. एकीची दुसरी वाट बघत होती, आणि पहिल्यांदा कोण हलणार एवढाच प्रश्न होता. दोन्ही तपासून पाहता येण्यासारखी नव्हती. एक गोष्ट मात्र मी पाहिली. पुढे यशोदाबायकडे तिची आडाळी दिसली, तेव्हा सुलूने विचारलं, "तुमची फळी फुटलेली ना?"

"जोडली," यशोदाबाय म्हणाली.

फळी अखंड होती. जोड कुठेही दिसत नव्हता.

१९६१ साली मी वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीने मुंबईला गेलो आणि एका वर्तमानपत्रात लागलो. आचऱ्यातले लोक मला वेंगुर्ल्याचा समजतात, वेंगुर्ल्यातले आचऱ्याचा, आणि कचेरीत मी कोकणातला एक असतो. आचऱ्यात राहिलेले विचारतात, परत कधी येणार. माझ्यासारखे निघून आलेले विचारतात, तिथे अजून कोण आहे. दोघांनाही मी कोण कुठे आहे एवढं सांगतो. काकांचं घर आचऱ्यात आहे. सुलू शिक्षिका झाली आणि लग्नानंतरही वेंगुर्ल्यात आहे. शिंगटी १९६५ मध्ये गेली, परसातल्या माडाखाली तिला पुरलं. वडील पुढच्या वर्षी गेले.

त्यानंतर आई माझ्याकडे आली, बोटीने, एक ट्रंक आणि एक गोणपाट घेऊन. किती दिवसांसाठी, हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. माझी बायको आचऱ्याजवळच्या मसुऱ्याची. आमच्या दोन खोल्यांच्या जागेत तिने सासूचं रीतीप्रमाणे स्वागत करायचं ठरवलं आणि दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. आईने तांब्याकडे पाहिलं, मग वर, स्वयंपाकघरावरच्या पोटमाळ्याकडे.

"पायार पाणी नको गो घालू," ती म्हणाली. "मी पण माळ्यार चढान बसतलंय."

बायकोला ते कळलं नाही. मी तिला रात्री जेवताना सांगितलं, आई ऐकत होती आणि मधे मधे दुरुस्त्या करत होती.

त्या रात्री गोणपाट ट्रंकेशेजारी, बांधलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून बांगडे आणले, न कापता. आईने पिशवीत डोकावून पाहिलं, गोणपाटाची सुतळी सोडली आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर आडाळी टेकवली. मासे कापून झाल्यावर तिने ती धुतली, गच्चीत वाळवली आणि खाली आणून कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवली.