वाकल्यावर भात किती लांब असतं?

तिसऱ्या तासाला फळ्यावर गणित लिहीत होते, तेव्हा माझ्या मावसभावाचा, मारुतीदादाचा फोन आला. शाळेत असताना तो कधी फोन करत नाही. "आई गेली गं... सकाळी चहा पिऊन बसली व्हती, बसल्या जागीच." भोरहून वेल्ह्याकडे जाताना माझ्या मनात सारखं एकच येत होतं, या बाईनं आयुष्यात कुठलीही गोष्ट अशी निमूट होऊ दिली नव्हती.

यमुनामावशी माझ्या आईची थोरली बहीण. वेल्ह्याजवळ त्यांची भाताची खाचरं. भातात भातासारखंच दिसणारं गवत उगवतं, ते ओळखावं तर मावशीनं. बेणणीला, ते गवत उपटताना, बायका अडल्या की तिला हाक मारायच्या. सहा वर्षांपूर्वीच्या बेणणीत मात्र मागून येणारी एक बाई ओरडली, "यमुनाकाकू, काय करताय? भात उपटताय की!" मावशीनं हातातली मूठ डोळ्यांजवळ नेली. मग बांधावर जाऊन बसली. संध्याकाळी मला फोन. "म्या भात उपटलं गं..." तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

दादा म्हणाला, वयाचं आहे. मावशी म्हणाली, "वयाचं असंल तर वय काढून घेती डोळ्यातलं!" पण त्या बेणणीच्या आधीच कुणीतरी बाजारातले थेंब आणून दिले होते, मोतीबिंदू विरघळवणारे म्हणून. ते तिनं आठ महिने घातले होते. मी तिला भोरला नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाटली बघून बाजूला ठेवली. "आजी, थेंबांनी हा विरघळत नाही. डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय. ते काढून नवं बसवायचं."

"पिकू द्यायचा ना पन? आमच्यात तसंच म्हनत्यात."

"पूर्वी थांबायचे. आता कामात अडायला लागलं की काढतात. फार पिकला तर उलट काढायला अवघड."

"मग उद्या काढा."

पण रक्तातली साखर वाढलेली निघाली. आधी ती खाली आणायची होती. मावशीनं त्याच दिवशी चहातली साखर सोडली, गोळ्या वेळेवर घेतल्या, रोज सकाळी तहसील कचेरीपर्यंत चालत जाऊन यायला लागली. गोडाचा आग्रह करणाऱ्याला ती सरळ सांगायची, "माजा डोळा काढून मागतोयस तू."

तीन महिन्यांनी साखर आटोक्यात आली. भिंग कुठलं घालायचं ते ठरवायला आम्ही गेलो. लांबचं घातलं तर वाचायला चष्मा, जवळचं घातलं तर लांबचं बघायला चष्मा, दोन्हीकडचं हवं तर महाग, आणि डोळ्यामागचा पडदा साखरेनं थोडा दुखावलेला, म्हणून ते तिला नको, असं बाईंनी समजावलं. मावशी उठली. पदर खोचला आणि त्या दवाखान्यातच लावणीला वाकावं तशी वाकली.

"मोजा. वाकल्यावर भात किती लांब असतं? तितकं मला साफ दिसलं पायजे. यश्टीच्या पाटीला चष्मा लावीन."

बाई हसल्या. मग खरंच टेप घेऊन त्यांनी तिच्या डोळ्यापासून फरशीवरच्या तिच्या बोटांपर्यंतचं अंतर मोजलं आणि त्याला जुळेल असं भिंग निवडलं.

भूल फक्त डोळ्यापुरती, काम अर्ध्या तासाच्या आत. नंतर महिनाभर थेंब, सुरुवातीला डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चुलीचा धूर नाही, ओझं नाही. सगळं तिनं पाळलं. दुसऱ्या डोळ्याचा पडदा जास्त खराब होता. "फार फरक पडणार नाही," असं बाईंनी आधीच सांगितलं. "जेवढं यील तेवढं माजं," म्हणत तिनं तोही करून घेतला. त्यात थोडाच उजेड आला... त्याबद्दल तिनं कधी कुरकूर केली नाही. पुढच्या बेणणीला ती पुन्हा ओळीत पुढे होती, आणि मागच्या पावसाळ्यापर्यंत तिच्या हातून भाताची एक काडी चुकून निघाली नाही.

एक सवय तिनं शेवटपर्यंत सोडली नव्हती. रोज सकाळी चष्मा लावून अंगणात उभं राहायचं, आधी एक डोळा हातानं झाकायचा, मग दुसरा, आणि समोरचा डोंगर दोन्हींनी वेगवेगळा बघायचा. एक डोळा बिघडला तर दुसरा झाकून नेतो, आपल्याला कळतच नाही, असं ती म्हणायची. तिला जाऊन दीड महिना झाला. मीही आता सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी तसंच करते. परवा उजवा डोळा झाकला, तर समोरच्या दुकानाची पाटी धुरकट दिसली. पुसून बघितली खिडकी... काच स्वच्छ होती.

सोमवारची रजा टाकली आहे.